गाय आमच्या दावणीला, टॅग दुसऱ्याच्या नावावर: चंद्रीचं दूध वाढवतानाचा माझा अनुभव

गाईचं दूध कमी झालं की जो येतो तो पेंड बदला म्हणतो. आमच्या चंद्रीचं दूध पेंडीमुळं अडलं नव्हतं. खरं कारण शोधायला जी टेस्ट लागते ती कानातल्या टॅगच्या एका नंबरासाठी अडवून धरली होती आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातनं गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या पलीकडनं गाय आणलेल्यांनी तर नक्की वाचा.

आम्ही बेळगावच्या पश्चिम भागातले, कुद्रेमनीच्या बाजूचे. शिवार संपलं की महाराष्ट्रातला चंदगड तालुका लागतो. २०२२ च्या लम्पीच्या साथीत आमची आधीची गाय गेली, नंतर बरेच दिवस दावण मोकळीच होती. मग पलीकडच्या गावातनं, मिस्टरांच्या आत्याच्या ओळखीनं, चंद्री आणली. एचएफ क्रॉस (होल्स्टिन फ्रिजियनचा संकर), दुसऱ्या वेताची, स्वभावानं गरीब. व्याली तेव्हा दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटरपर्यंत गेली होती आणि नंतर बघता बघता सातवर आली. व्याल्यावर सहा ते आठ आठवड्यांत दूध सगळ्यात जास्त असतं आणि तिथनं हळूहळू उतरतं, ते नैसर्गिक आहे, त्याला घाबरायचं नाही. पण एवढ्या झपाट्यानं उतरलं की काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

पहिली खूण मला डेअरीच्या पावतीवर मिळाली. गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ धरतात, आमचं एसएनएफ आधी ८.५ ला असायचं ते ८.१ वर आलं. फॅट तेवढंच. आम्ही बायका पावतीवर लिटर बघतो नि रक्कम बघतो, मधले आकडे कोण बघत नाही, पण ते बघा. कासेत आतल्या आत बिघाड सुरू झाला की दूध दिसायला पांढरंशुभ्र असतं, गाठ नाही, सूज नाही, गाय खाते पिते, पण एसएनएफ पडतं. याला सुप्त दगडी म्हणतात. दगडी म्हणजे कास कडक होते तो रोग सगळ्यांना माहीत आहे, पण हा प्रकार डोळ्याला दिसतच नाही.

गावात येणाऱ्या डॉक्टरांनी टेस्टची पट्टी आणली, तिला चार वाट्या असतात, एकेका सडाचं थोडं थोडं दूध एकेका वाटीत पिळायचं, त्यात दुधाएवढंच औषध घालून पट्टी गोल गोल हलवायची. तीन वाट्यांत पाण्यासारखं फिरत होतं आणि मागच्या उजव्या सडाच्या वाटीत अंड्याच्या बलकासारखं घट्ट होऊन मधे गोळा झालं. मी तिथंच उभी होते, पोटात धस्स झालं. त्यांनी सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या, बरं वाटलं, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. मग ते म्हणाले, आता अंदाजानं औषध द्यायचं नाही, दुधाचं सॅम्पल लॅबला पाठवा, कुठला जंतू आहे नि त्याला कुठलं औषध लागू पडतंय ते कळू दे.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. आता दवाखान्याचं ऐका.

सॅम्पल घ्यायची पद्धत डॉक्टरांनी नीट सांगितली होती. सड धुवून कोरडा करायचा, स्पिरिटच्या कापसानं टोक पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या आणि मग निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात धार घ्यायची, बोट आत लागू द्यायचं नाही. बाटली बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायची. मी पहाटे धार काढली, स्टीलच्या डब्यात बर्फ, त्यात बाटली, वरनं टॉवेल गुंडाळून पहिल्या बसनं गेले. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात (कुठल्या ते लिहीत नाही) फॉर्म घेतला, कन्नडात होता तो तिथल्याच एका पोरानं भरून दिला. कंप्युटरवर बसलेल्या माणसानं टॅगचा बारा आकडी नंबर विचारला, मी मोबाइलमधला चंद्रीच्या कानाचा फोटो दाखवला. त्यांनी नंबर टाकला नि माझ्याकडं बघून म्हणाले, "ही गाय तुमची नाही."

मी म्हटलं, "सर, माझ्या गोठ्यात आहे, आत्ता धार काढून आलेय."

"सिस्टिमला दुसऱ्याचं नाव येतंय. पत्ता महाराष्ट्राचा आहे. आधी नाव बदलून आणा, मग सॅम्पल घेतो."

तो पिवळा टॅग सगळ्या देशात एकाच पद्धतीचा असतो, नंबर टाकला की जनावर कुणाचं, लस कधी दिली, रेतन कधी झालं ते दिसतं. चांगलीच सोय आहे. पण मग सॅम्पल घ्यायला मालकाचं नाव कशाला आडवं यायला पाहिजे? जंतू काय मालक बघून होतोय काय? मी किती सांगितलं की नावाचं नंतर करू, आज बाटली तेवढी घ्या, हे खराब होतंय. नाही. माझ्या डब्यातल्या बर्फाचं पाणी त्यांच्या फरशीवर गळत होतं आणि ते मला जरा बाजूला उभं रहा म्हणत होते. ते सॅम्पल वाया गेलं.

मग पलीकडच्या दवाखान्यात गेले, जिथं टॅग मारला होता. तिथले म्हणाले, "गाय कर्नाटकात गेली ना, मग तिकडच्या दवाखान्यानं घ्यायची त्यांच्याकडं." इकडं आले तर, "त्यांनी सोडल्याशिवाय आम्ही कशी घेणार?" परत तिकडं. तिकडचे साहेब लसीकरणाच्या दौऱ्यावर. इकडं आले तर नेट नाही. जुन्या मालकाचं पत्र आणा म्हणाले, ते बिचारे दादा शेतातलं काम टाकून आले, सही करून दिली, तर पत्रावर गाईचं वर्णन नाही म्हणून परत. वर्णन घालून आणलं तर म्हणे सोबत आधारची झेरॉक्स नाही. एका वेळी सगळं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? कागदाला कागद जोडत बसायला आमच्याकडं वेळ नसतो, सकाळ-संध्याकाळ धार कुणासाठी थांबत नाही. आणि या सगळ्यात तो सड रोज थोडा थोडा खराब होत होता. मिस्टर उद्यमबागला कारखान्यांच्या भागात शिफ्टमधे, त्यांना सुट्टी नाही, आत्यांचे (सासूबाईंचे) गुडघे दुखतात, म्हणून सगळी धावपळ माझीच. बसमधे शेजारची मामी विचारायची, "काय करूलाय ग रोज रोज तिकडं जाऊन?" तर रडूच यायचं.

काम कसं झालं ते सांगते, उपयोगी पडेल. मी पलीकडच्या दवाखान्यात जाऊन बसले, तिथल्या पशुधन पर्यवेक्षकांच्या समोर इकडच्या ऑपरेटरला फोन लावला, स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आता तुम्हीच दोघं बोला. दोघं एकमेकांशी बोलले आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. त्यांनी तिकडनं केलं, यांनी इकडं माझं नाव चढवलं. एवढंच काम होतं. तो पर्यवेक्षक वयानं लहान होता पण त्यानं खरंच मनापासून केलं, त्याचे आभार. तुमच्यावर अशी वेळ आली तर कागद घेऊन दोन्हीकडं हेलपाटे घालू नका, दोघांना एका फोनवर आणा.

आणि गाय घेतानाच हे करून घ्या. पैसे द्यायच्या आधी टॅगचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढा, विकणाऱ्याकडनं साध्या कागदावर लिहून घ्या, त्यात टॅग नंबर, रंग, शिंगं, वेत, किंमत, तारीख, दोघांचे मोबाइल नंबर, सही आणि आधारची झेरॉक्स. विम्यालाही हाच टॅग लागतो, गाय मेल्यावर नाव दुसऱ्याचं निघालं तर काय करणार.

रिपोर्ट यायला थोडे दिवस लागतात, कारण जंतू आधी वाढवायला लागतो, मग त्याच्यावर औषधं लावून बघतात. आमच्यात स्टॅफिलोकोकस निघाला आणि आधी सोडलेल्या ट्यूबांचं औषध त्याला लागूच पडत नव्हतं. दुसरं दिलं, त्यानं फरक पडला. उपचार चालू असताना आणि नंतर औषधावर जेवढी मुदत लिहिलेली असते तेवढे दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही पोरांना द्यायचं नाही. नुकसान होतं, पण ते पाळायचंच.

हा जंतू धार काढणाऱ्याच्या हातानं एका सडातनं दुसऱ्यात जातो. म्हणून आता आजारी सड सगळ्यात शेवटी पिळतो. अंगठा दुमडून सड ओढायची सवय आमच्याकडं सगळ्यांना आहे, आत्यांनासुद्धा, त्यानं सडाला आतनं इजा होते, पूर्ण मुठीनं पिळायचं. पान्हा सोडल्यावर सात-आठ मिनिटांत धार संपवायची, मधे उठून फोन घ्यायचा नाही, पान्हा एकदा आटला की राहिलेलं दूध येत नाही. धार झाली की चारही सड आयोडीनच्या औषधात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास तरी बसत नाही. धारेनंतर सडाचं तोंड थोडा वेळ उघडं असतं, तेवढ्यात शेणात बसली की झालं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवायची, वाटीत थोडं दूध आणि तेवढंच हे पाणी घालून हलवायचं, घट्ट झालं तर डॉक्टरला बोलवा. प्रत्येक सडाला वेगळी वाटी घ्या आणि ते दूध टाकून द्या. मी पंधरवड्यातनं एकदा बघते.

पेंडीचं राहिलं. डॉक्टरांच्या हिशेबानं शरीर पोसायला दीड-दोन किलो आणि वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो. दोन वेळा विभागून. पेंड बदलायची तर एकदम नाही, आठ-दहा दिवसांत थोडी थोडी. त्यापेक्षा जास्त फरक मला पाण्यानं दिसला. आधी आम्ही दोन वेळा बादली दाखवायचो, आता गोठ्यात सिमेंटची टाकी आहे, तिला पाहिजे तेव्हा पिते. दुभत्या गाईला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागतं, बादलीनं ते कसं पुरणार.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. उसाचा सीझन लागला की सगळ्यांच्या गव्हाणीत वाढं (उसाचे हिरवे शेंडे), नाहीतर भाताचं पिंजर (पेंढा). दोन्हीत ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि दुधातनं तर रोज कॅल्शियम जात असतं. म्हणून नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नका. आम्ही बांधाला नेपियर गवत लावलंय, ते आणि वाढं मिसळून कुट्टी करतो, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतो, शिवाय रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर आणि चिमूटभर नाही, चांगलं ३० ग्रॅम मीठ.

आता दोन्ही वेळचं मिळून साडेनऊ लिटरच्या आसपास आहे आणि एसएनएफ परत ८.५ ला आलंय. त्या सडाचं दूध बाकीच्या तिघांपेक्षा अजून कमीच येतं, या वेतात तो पूर्ण भरून येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. वेळेत सॅम्पल घेतलं असतं तर कदाचित एवढा गेला नसता. पुढं व्यायच्या दोन महिने आधी तिला आटवायची (धार काढायची बंद करायची) आणि तेव्हा चारही सडांत औषध सोडायचं ठरलंय, डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवलंय. सोसायटीला दूध घालतो म्हणून सरकारचं लिटरमागं प्रोत्साहनधनही मिळतं, उशिरा का होईना खात्यावर येतं, म्हणजे उतरलेल्या एकेका लिटरचं नुकसान नुसत्या दराएवढं नव्हतं.

आणि हो, रताळी काढणीच्या वेळी वेल टाकून देऊ नका, गाई आवडीनं खातात, जरा सुकवून द्या. बारकी रताळी मात्र अख्खी घालू नका, घशात अडकतात, चिरूनच द्या.