टेस्टला पेटतो, फोटोला नाही

दुपारी कपाट आवरताना आजीचा चष्मा सापडला, जाड काळ्या फ्रेमचा, एका दांडीला दोरा गुंडाळलेला, आणि मग कपाट राहिलं बाजूला नि मी त्याचा फोटो काढत बसले. चष्म्याचा फोटो म्हणजे काच आली आणि काच आली की कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश आरशासारखा परत आपल्यावरच येतो, म्हणून फ्लॅश काढून बाजूला लावायचे. एक उजवीकडे उजेड मऊ करणाऱ्या छत्रीत, एक डावीकडे जरा मागे, फ्रेमच्या कडेवर उजेडाची नुसती एक रेघ उमटावी एवढ्यासाठी. कॅमेऱ्यावर ट्रिगर, म्हणजे फोटोचं बटण दाबलं की रेडिओने निरोप सोडणारी डबी, दोन्ही फ्लॅशखाली तो निरोप घेणारा एकेक रिसिव्हर, वायरलेस सगळं. दहा मिनिटांचं काम.

तीन तास झाले त्याला.

उजवा फ्लॅश गुणी आहे, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डावा मात्र ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबलं की पेटतो, दहादा दाबा दहादा पेटेल, आणि फोटो काढायला वाकलं की तीनदा पेटेल, चौथ्यांदा नाही, मग दोनदा पेटेल, मग सलग दोनदा नाही. घरी धडाधडा कविता म्हणणारं पोर पाहुण्यांसमोर उभं केलं की फ्रॉकची झालर चावत बसतं ना, तसं. किंवा आपली दाढ, जी रात्रभर जीव घेते आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर कुठली ती आपल्यालाच सांगता येत नाही.

पूर्ण बंद पडलेल्या वस्तूचा मला कधी राग येत नाही. बंद पडली, विषय संपला, ड्रॉवरमध्ये टाकायची. मधूनमधून चालणारी वस्तू माणसाला देवभोळं करते. मागच्या वेळी मी डाव्या फ्लॅशची मान थोडी तिरकी केली होती आणि तो सलग तीसदा पेटला होता, तेव्हापासून मी त्याची मान तिरकी करते. मानेचा आणि रेडिओचा काही संबंध नाही हे मला माहितीये, मी काही अडाणी नाही, पण करते. आणि खालच्या बाजूला एक हलकी थाप.

थापेबद्दल मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नाही. अगदी सुरुवातीच्या वायरलेसमध्ये लहरी ओळखायला काचेची एक नळी असायची, धातूच्या किसाने भरलेली, कोहिअरर म्हणायचे तिला. एदुआर ब्रान्ली या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1890 मध्ये दाखवलं की जवळपास ठिणगी पडली की त्या किसातून एकदम वीज वाहायला लागते. पण एकदा वाहायला लागली की थांबायची नाही, कीस चिकटून बसायचा, मग नळीला टिचकी मारायची की परत मोकळा, पुढच्या लहरीसाठी तयार. पुढे टिचकी मारायला एक छोटी हातोडीच बसवायला लागले. म्हणजे रिसिव्हरला चापट मारणं ही या विद्येची मूळ पद्धत आहे, आपल्या घरात रेडिओला आणि टीव्हीला ज्या चापटा बसायच्या त्यात गैर काही नव्हतं.

आणि त्याच्याही आधी हर्ट्झ, या लहरी पहिल्यांदा दाखवणारा जर्मन शास्त्रज्ञ, 1887 च्या आसपास. त्याने एका बाजूला ठिणगी पाडली आणि पलीकडे तारेच्या कड्यातल्या बारीकशा फटीत दुसरी ठिणगी उडते का ते अंधारात डोळे ताणून बघत बसला. इकडे उजेड, तिकडे उजेड, मध्ये तार नाही. माझ्या टेबलावर आज दुपारी वेगळं काय चाललंय? त्याच्या बिचाऱ्याच्या मते या लहरींचा व्यवहारात काही उपयोग नव्हता. काही काही दिवशी मला पटतं ते. नंतर जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात अशाच लहरी सोडून लांबची घंटा वाजवली आणि बारूद उडवून दाखवली, आणि बारूद उडवणं म्हणजे तर जवळजवळ फ्लॅशच की, त्या काळात फोटोग्राफर मॅग्नेशियमची पूड पेटवूनच उजेड पाडत. सगळ्या सभेसमोर केलं त्यांनी हे. मला चष्म्यासमोर जमत नाहीये.

असो. तर डावा फ्लॅश.

नियम साधा आहे, सगळे हेच सांगतात आणि मीही इतरांना सांगते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन रिसिव्हरची अदलाबदल करा, दोष रिसिव्हरबरोबर उजवीकडे गेला तर रिसिव्हर वाईट, डावीकडेच राहिला तर फ्लॅश किंवा जागा वाईट. इतकं सरळ. पण मी एकदम चार गोष्टी बदलते. सेल काढून नवे घातले, चॅनल एकचा सात केला, फ्लॅश पायातून, म्हणजे रिसिव्हरवरच्या खाचेतून, काढून परत दाबून बसवला आणि मान तिरकी. चालला! आता यातल्या कशाने चालला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि माझ्यापाशी चार कावळे.

ही म्हण बाकीच्या जगाला योगायोगासाठी लागते. फ्लॅशवाल्यांचा सगळा धंदाच कावळा बसताक्षणी फांदी तुटलीच पाहिजे असा आहे, तीही दर वेळी. शटरला दोन पडदे असतात, पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्यामागून मिटत येतो, आणि सेन्सर पूर्ण उघडा असा जो इवलासा वेळ मध्ये मिळतो त्यातच फ्लॅशने आटपायचं. तो स्वतः झटपट आहे, छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीलासुद्धा सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात मोकळा होतो, पण स्वस्तातला ट्रिगर निरोप पोचवायला जरा रेंगाळतो आणि तेवढ्यात दुसरा पडदा निघालेला असतो. मग फोटोच्या खालच्या बाजूला काळी पट्टी. शटरचा वेग 1/250 सेकंदावरून 1/160 वर आणला की पट्टी जाते. हे मला दोन वर्षं माहिती नव्हतं, मी ती पट्टी कापून टाकायचे आणि वर म्हणायचे की मला आडवी चौकट आवडते.

सेलचं तर बोलायलाच नको. फ्लॅशमध्ये मी ताजे चार्ज केलेले घालते, लाडाने, आणि ट्रिगरमध्ये कुठले तरी, भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले, एक नवा एक जुना. आणि मग त्याचा लाल दिवा लागतो म्हणून विश्वास ठेवते. दिवा लागायला काय लागतं, मरणाऱ्या सेलवरही लागतो, लहर सोडायची वेळ आली की मान टाकतो. लहानपणी रिमोटचे सेल दातांनी चावून, उन्हात ठेवून, जागा बदलून आणखी आठवडाभर चालवायचे ना, ती सवय अंगात मुरलीये, अजूनही संपलेला सेल फेकायच्या आधी हातात घेऊन मी जरा विचार करते.

तर आज सेल बदलले. पायाचे पितळी ठिपके खोडरबराने घासले, त्यावर डोळ्याला दिसणार नाही असा काळपटपणा चढतो आणि रबराने तो जातो, वर भुसा फुंकून टाकायचा. फ्लॅश पायात शेवटपर्यंत सरकवून चकती आवळली, कारण केसभर मागे राहिला तरी मधला ठिपका ठिपक्याला लागत नाही. त्याची झोपायची सवय बंद केली, काही मिनिटं काम नसलं की हा आपला आपण झोपतो आणि काही ट्रिगरना त्याला उठवता येत नाही. कॅमेऱ्याचा सायलेंट शटर चुकून चालू नाही ना हेही पाहिलं, त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशला निरोपच जात नाही आणि माणूस निष्पाप रिसिव्हरला शिव्या घालत बसतो, अनुभव आहे. ताकद पूर्णवरून पाव केली, कारण पूर्ण ताकदीला पोट भरायला याला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा बटण दाबलं तर तो उपाशी, त्यात ट्रिगरचा काय दोष.

चार वाजेपर्यंत एवढं सगळं झालं आणि डावा फ्लॅश पहिल्यासारखाच. टेस्टला पेटतो. फोटोला, त्याची मर्जी.

मग मी खाली बसले. खरंच बसले, कंटाळून, टेबलाच्या बाजूला फरशीवर, आणि तशीच हात वर करून कॅमेऱ्याचं बटण दाबलं, चिडून, नुसतंच. पेटला. परत, पेटला. बारा वेळा पेटला. उठून वाकले, नाही. बसले, पेटला.

टेस्ट बटण दाबताना मी ट्रिगर हातात घेऊन फ्लॅशकडे तोंड करून उभी असते, आरतीचं ताट धरल्यासारखी. फोटो काढताना कॅमेऱ्यावर ओणवी होते आणि ट्रिगर आणि मागचा डावा फ्लॅश यांच्या मध्ये येते मी. अख्खी मी. हे ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात, वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळी गर्दी तिथेच, साडेबारा सेंटिमीटरची लहर, आणि पाण्यातून जायला ती नाराज. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणजे तीन तास मी सेल, ठिपके, चॅनल, सायलेंट शटर तपासतेय आणि आडवी आलेली वस्तू कॅमेऱ्यामागेच ओणवी. रिसिव्हर स्टँडवर हातभर वर चढवला, आता माझ्या खांद्यावरून बघतो तो. पेटतोय. तरी मी मान तिरकीच ठेवलीये.

फार जवळ असला तरी काही काही रिसिव्हर गांगरतात, कानात ओरडल्यासारखं होतं त्यांना, म्हणून काही ट्रिगरमध्ये जवळच्या कामाची वेगळी सेटिंग असते, ते आपलं मधेच आठवलं म्हणून सांगितलं.

मामाकडे ही भानगड नव्हती. त्याच्याकडे फिल्मचा कॅमेरा होता आणि एक भला मोठा फ्लॅश, आणि दोघांच्या मध्ये वायर, जुन्या फोनला असायची तशी वेटोळ्यांची. आणि स्टँड म्हणजे मी. नऊ-दहा वर्षांची असेन. तो फ्लॅश चालू केला की आतून बारीक शिट्टी निघायची, चढत चढत अगदी ऐकू येईनाशी व्हायची, आणि मग मागचा नारिंगी दिवा लागायचा. तो लागला की मी ओरडायचं, "लागला!" आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं. "वर धर. अजून वर. अगं हलू नकोस, जरा डावीकडे." हात भरून यायचे. मी टाचा उंच करून उभी, आणि तो एका डोळ्याने कॅमेऱ्यात, दुसरा घट्ट मिटलेला, आणि कुणीही हसायला लागलं की म्हणायचा, थांबा, आत्ता नाही.

त्या वायरचं एकच दुखणं, कॅमेऱ्याकडचं टोक ढिलं होतं. तिथे नुसती दाबून बसवायची पिन, ओढ बसली की अर्धी बाहेर. मामाने चिकटपट्टी लावलेली असायची, ती उन्हाळ्यात सुटायची.

आजीचा एक फोटो काढायचा होता. एकटीचा. तिला फोटोला बसवणं म्हणजे महाकर्मकठीण, काहीतरी काम निघायचंच तिला, पण त्या दिवशी बसली, पदर सारखा केला, चष्मा काढू का ठेवू असं दोनदा विचारलं, मामा म्हणाला ठेव गं आई, छान दिसतो. मग ती हसली. मामाने बटण दाबलं. एकच, रोल संपत आला होता.

फोटो काढणाऱ्याला ते कळत नाही. बटण दाबलं की आत आरसा वर जातो आणि नेमका त्या क्षणी डोळ्यासमोर अंधार होतो, तो परत येईपर्यंत झालेलं असतं. फ्लॅश पेटला का नाही, समोरच्यांना कळतं आणि जो धरून उभा आहे त्याला कळतं. आजी तर डोळे मिटूनच घ्यायची.

रोल धुवून आला तेव्हा मामाने निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली आणि म्हणाला, ही शेवटची कोरी गेली वाटतं, काहीच आलं नाही हिच्यात. बराच वेळ बघत होता. वायर तपासली, पिन परत दाबली, चिकटपट्टी नवी लावली. परत काढू, म्हणाला.

मला तेव्हाच दिसलं होतं. हात दुखत होते.