गिटारची तार खालून मरते

नव्या तारांची खणखण हळूहळू उतरत जाते आणि एके दिवशी सगळं बद्द वाजायला लागतं. तार तुटलेली नसते, वरून तर चकचकीतही दिसते. अशा वेळी पाचवी किंवा सहावी, म्हणजे जाड, तार जरा उचलून तिच्या खालच्या अंगावरून बोट फिरवून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, डोक्यावर बारीक खाचा हाताला लागतात, आणि बोट काळं होतं. तारेचं मरण या बाजूने सुरू होतं. आणि आपण पुसतो ती नेमकी वरची बाजू.

जाड तारांचा आतला भाग पोलादी असतो आणि त्याभोवती दुसरी बारीक तार घट्ट गुंडाळलेली असते. या वाउंड तारा. अकूस्टिकवर हे वेढे बहुधा ब्राँझचे असतात. ८०/२० लिहिलेल्या तारांत ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे खरं तर ते पितळ आहे. नाव मात्र ब्राँझ पडलंय. फॉस्फर ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील आणि किंचित फॉस्फरस असतं. ते ८०/२० पेक्षा कमी गंजतं आणि त्याचा उजळपणा जास्त टिकतो. इलेक्ट्रिकवर साधारणपणे निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद असतं. वरच्या पातळ तारा नुसत्या पोलादाच्या, म्हणजे प्लेन.

तार तीन कारणांनी खराब होते, आणि ही तिन्ही कारणं वेगळी ठेवली नाहीत तर कोणता उपाय कशासाठी हे कळत नाही.

पहिलं कारण मळ. मेलेली त्वचा, तेल आणि घाम वेढ्यांच्या चरांत घट्ट बसतो. तार कंप पावताना मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांसाठी तिला अगदी छोट्या-छोट्या भागांत वाकावं लागतं, आणि चरांतला हा लगदा नेमकं तेच होऊ देत नाही. म्हणून आधी झळाळी जाते, मग आस, म्हणजे स्वर रेंगाळणं, तोकडी पडते. मूळ स्वर शिल्लक असतो, त्यामुळे ट्यूनर सगळं ठीक दाखवतो आणि कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) मात्र कानाला आंबट लागते. कारण मळ सगळीकडे सारखा बसत नाही आणि तारेचं वजन जागोजागी वेगळं होतं.

दुसरं कारण गंज. घामातलं मीठ, ओलावा आणि एकमेकांना चिकटलेले दोन धातू, एवढं एकत्र आलं की तांब्यापेक्षा लोखंड आधी खाल्लं जातं. म्हणजे ब्राँझच्या वेढ्यांखाली, डोळ्यांना न दिसता, पोलाद गंजत असतं. वरून बरी दिसणारी तार अचानक तुटते त्यामागे अनेकदा हेच असतं.

तिसरं कारण झीज. प्रत्येक वेळी तार फ्रेटवर दाबली जाते आणि खालून चपटी होत जाते. याला पुसणं, धुणं, तेल लावणं यातलं काहीही चालत नाही. बोट फ्रेटच्या अगदी लगत मागे ठेवलं तर कमी जोर लागतो आणि कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) गरजेपुरताच आवळला तर खाचा उशिरा पडतात, इतकंच आपल्या हातात आहे.

थोडक्यात मळ निघतो, गंज फक्त टाळता येतो आणि झीज होणारच. त्यामुळे मेलेल्या तारेवर अर्धा तास घालवण्यापेक्षा जिवंत तारेवर रोज एक मिनिट घालवणं केव्हाही शहाणपणाचं.

ते एक मिनिट

वाजवण्याआधी साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ओलसर हात न धुतलेल्या हातापेक्षा फारसे बरे नाहीत. हाताला क्रीम लावून लगेच गिटार घ्यायची सवय असेल तर तीच आधी सोडा, ते क्रीम सरळ चरांत जातं.

वाजवून झालं की गिटार केसमध्ये टाकण्याआधीच पुसायची, कारण बंद केसमध्ये ओलावा कोंडला जातो. रुमालाएवढं मायक्रोफायबरचं फडकं किंवा जुन्या सुती टी-शर्टचा तुकडा घ्या. फडक्याचं एक टोक बाराव्या फ्रेटपाशी सहाही तारांखालून सरकवून दुसऱ्या बाजूला ओढून घ्या. आता फडकं तारा आणि फ्रेटबोर्ड यांच्या मध्ये आहे. दोन्ही टोकं वर उचलून धरा, म्हणजे फडकं तारांच्या पोटाला टेकेल, आणि तसंच नटपर्यंत (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) नेऊन ब्रिजपर्यंत (गिटारच्या अंगावर तारा अडकवलेल्या असतात तो भाग) परत आणा. दोन फेऱ्या पुरतात. मग एकेक तार फडक्यातून चिमटीत धरून नटपासून ब्रिजपर्यंत ओढा. पातळ तारांवर हात सावकाश चालवा, नाहीतर बोट भाजतं. फडक्यावर काळ्या रेघा उठल्या म्हणजे काम झालं.

फडकं अधूनमधून धुवा, पण धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याचा थर कापडावर राहतो, ते मळ धरत नाही, उलट तो थर तारेला लागतो.

आठवड्याची सफाई

कोरड्या फडक्याला न दाद देणारा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. त्यात पाणी कमी असतं आणि ते लवकर उडून जातं. गिटारपासून लांब जाऊन फडक्यावर चार-पाच थेंब घ्या, बाटली गिटारवर आणूच नका. अल्कोहोलने लाखेचं फ्रेंच पॉलिश विरघळतं, नायट्रो लॅकर मऊ पडतं आणि रोझवूड किंवा एबनीचा उघडा फ्रेटबोर्ड कोरडा पडतो. म्हणून तारांखाली जाड कागदाची पट्टी सरकवा आणि पट्टी पुढे सरकवत एकेक भाग पुसत जा. वाउंड तारेवर फडकं लांबीच्या दिशेने ओढताना चिमूट किंचित फिरवली की वेढ्यांच्या चरांतला मळ सुटतो.

तेलाबद्दल बरेच मतभेद आहेत. माझं मत असं, की प्लेन तारांवर पातळ खनिज तेलाचा हलका हात फिरवला तर गंज लांबतो, ते चांगलंच. वाउंड तारांवर मात्र तेल चरांत राहतं, धूळ धरतं आणि दोन दिवसांत तोच लगदा परत तयार होतो. तिथे तेल नकोच. बिजागऱ्यांचा वंगण स्प्रे तर गिटारजवळ आणूच नये. तो उडून लाकडावर बसतो. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यांनी ब्राँझ चमकतं खरं, पण आम्ल आणि टूथपेस्टची पूड वेढ्यांत अडकून बसते. तसंही ब्राँझ काळवंडणं हा दोष नाही. आवाज बरा असेल तर रंगाकडे बघू नका.

तारा उकळण्याचा जुना उपाय बेस गिटारवाल्यांसाठी आहे, कारण तिथे तारा महाग आणि जाड. पाच-दहा मिनिटं उकळल्यावर मळ निघतो आणि उजळपणा काही दिवस परत येतो. पण नीट वाळवल्या नाहीत तर आतलं पोलाद गंजतं. गिटारच्या तारांना हे करू नये. एकदा खुंटीवर वळलेली पातळ तार सरळ करून पुन्हा त्याच जागी वळवली की तिथेच तुटते.

कोटेड तारांवर अतिशय पातळ पॉलिमरचं आवरण असतं, त्यामुळे मळ चरांत शिरत नाही. घामट हातांसाठी त्या वसूल होतात. त्यांना कोरडं फडकंच पुरे. घासून पुसलं तर आवरणच निघतं. पिक लागतो तिथे कालांतराने पांढरट धागे सुटतात, ते आवरणाचेच असतात, तार उसवत नसते. काही संचांत वरच्या प्लेन तारांना मात्र हे आवरण नसतं, तेव्हा पाकिटावरचं वाचा.

तुटली तर कुठे तुटली ते पाहा

तुटलेली तार फेकण्याआधी तिचं टोक कुठून आलं ते बघा. तीच तार दोनदा एकाच जागी तुटली तर दोष तारेत नाही. सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते ती जागा) तुटत असेल तर तिथे धारदार कड उठलेली असते. १००० नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून तारेच्या दिशेने दोन-तीनदा हलकेच ओढा. खाच खोल करायची नाही, फक्त धार बोथट करायची. नटमध्ये तार अडकत असेल तर सुरात लावताना 'टिक्' असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो. तिथे टोकदार पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. खुंटीपाशी तुटत असेल तर भोकाची कड धारदार आहे किंवा वेढे एकमेकांवर चढलेत. मधेच कुठे तुटली तर गंज, नाहीतर एखाद्या फ्रेटवर टवका उडालाय.

चढवताना वाउंड तारेला दोन-तीन आणि पातळ तारेला तीन-चार वेढे, सगळे वरून खाली एकाखाली एक. जादाची वाउंड तार कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवून घ्या. विशेषतः गोल गाभ्याच्या तारेत, नाहीतर वेढे सैल सुटतात आणि तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. तारेला कुठेही पीळ पडला तर ती जागा कमजोर झाली असं समजा.

संच काढलेलाच असतो तेव्हा फ्रेटबोर्ड पुसून घ्या. त्यावरचा जुना थर नव्या तारांच्या पोटाला पहिल्याच दिवशी लागतो. उघड्या रोझवूडला तेल द्यायचं तर दोन-चार थेंब, आणि दहा-पंधरा मिनिटांनी जादाचं पूर्ण टिपून घेऊन मगच तारा. लॅकर असलेल्या मेपलला फक्त किंचित ओलं फडकं.

नायलॉनचं गणित वेगळं आहे. तिथे गंज लागतो तो फक्त खालच्या, म्हणजे जाड, तीन तारांच्या चंदेरी वेष्टणाला, आणि चौथी तार सहसा सगळ्यात आधी जाते, कारण तिचं वेष्टण सर्वांत बारीक. फ्रेटवर ते घासून तांबूस दिसायला लागलं की तार जरा सैल करून ब्रिजच्या गाठीकडे काही मिलिमीटर सरकवून पुन्हा बांधा. झिजलेली जागा फ्रेटवरून हलते आणि तार आणखी थोडे दिवस चालते. वरच्या नायलॉनच्या तीन तारा उलट्या बाजूने बांधल्या तरी चालतात. अल्कोहोलची इथे गरज नाही.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. दमट हवेत केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण कोरड्या हवेत त्या काढून घ्या. तारा वाचवताना लाकूड तडकवायचं नाही.

तारा कधी बदलायच्या याला कॅलेंडर नाही, वाजवण्याचे तास मोजा. एक सोपी चाचणी: बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून), मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. नवीन असताना जुळणारे हे दोन स्वर आता ट्यूनरवर फारकत घेत असतील तर तार असमान झाली आहे आणि तिला कितीही पुसलं तरी ती सुरात यायची नाही. प्लेन तार गंजून खरखरीत लागायला लागली की मात्र थांबूच नका. बेंड करताना, म्हणजे दाबलेली तार आडवी ओढताना, ती फ्रेटवर कानसेसारखी चालते, आणि फ्रेट बदलण्याचा खर्च कितीतरी संचांएवढा असतो. एखादी प्लेन तार तुटली तर तेवढीच बदलता येते. वाउंड एकटी बदलली तर जुन्या पाचांत ती वेगळीच ओरडते. म्हणून पहिल्या तारेच्या दोन-तीन सुट्या पुड्या केसमध्ये असू द्या, न फोडलेल्या. आणि संच चढवला की त्याच्या पाकिटाच्या झाकणावर तारीख लिहून तेही तिथेच ठेवा.