जुनी आरएक्स १०० घेताना

यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटरसायकल बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, इंजिन गार ठेव. तापवून ठेवलेली टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत तेलही जाळणारं इंजिन) सगळे रोग लपवते.

आधी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्यामुळे १५ वर्षांची नोंदणी कधीच संपलेली. ५ वर्षांचं नूतनीकरण झालंय का ते बघा.

पहिल्या किकला थोडा धूर निघणारच. पण तापल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि गिअर ऑइल कमी होतंय, तर क्लचकडचा क्रँक सील (क्रँकच्या टोकाचं रबरी सील) गेला. मॅग्नेटोकडचा (वीज तयार होते त्या, दुसऱ्या बाजूचा) गेला की हवा ओढली जाते, रेस आपोआप चढते आणि पिस्टन जाम व्हायची वेळ येते. सील स्वस्त, पण त्यासाठी इंजिन खोलावं लागू शकतं. भाव तसा पाडा.

बोर कितव्या साइजवर आहे ते विचारा, म्हणजे झिजलेला सिलिंडर किती वेळा मोठा करून मोठा पिस्टन बसवलाय. पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी १.०० पर्यंत वाढतो. शेवटच्या टप्प्यावर असेल तर पुढचा खर्च नव्या स्लीव्हचा (सिलिंडरच्या आतल्या नळीचा). (‘आत्ताच बोर केलाय’ हे सगळेच सांगतात.)

टूटी पंप (इंजिनाला टू-स्ट्रोकचं तेल पुरवणारा) काढलेला असेल तर लिटरमागे ३० मिली टूटी तेल पेट्रोलमध्येच मिसळा. आणि सायलेन्सरमधली जाळीची नळी अधूनमधून काढून काजळी खरवडा. ती तुंबली की गाडी ओढत नाही, आणि लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात.