एका शहराचे तीन मेयर

"मेयरला मत देऊन आत्ताच आले," असं २०१६ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून आईला फोनवर सांगितलं, तर तिनं एका दमात दोन प्रश्न विचारले. महापौराला नगरसेवक निवडतात, तुला कशाला बोलावलं? आणि तू तिथली नागरिक कधी झालीस?

दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं. पासपोर्ट आपलाच आहे. पण भारत राष्ट्रकुलात आहे आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाला इथल्या निवडणुकांत मत देता येतं, अगदी पार्लमेंटच्यासुद्धा. इथल्या कितीतरी मराठी घरांना वर्षानुवर्षं याचा पत्ता नसतो. ज्यांनी अजून यादीत नाव घातलं नसेल त्यांनी घालून टाका. बोटाला शाई लावत नाहीत, शिक्का नाही, यंत्र नाही. दोरीला बांधलेली एक पेन्सिल असते आणि तिनं फुली मारायची. तेव्हा ओळखपत्रसुद्धा मागत नसत. नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. मेयरच्या मतपत्रिकेवर दोन रकाने होते, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिले दोघे उरत आणि बाकीच्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र मला काही वर्षं लागली. ब्रिस्टलमध्ये एके काळी एकाच वेळी तीन मेयर होते. एक लॉर्ड मेयर. लाल झगा, गळ्यात जाडजूड सोन्याची माळ, सभेचं अध्यक्षस्थान आणि फिती कापणं. आपल्या महापौरांचा हा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. दुसरा लोकांनी थेट निवडलेला, नुसता 'मेयर'. खरा कारभारी हाच. २०१७ पासून तिसराही आला. ब्रिस्टल, बाथ आणि साउथ ग्लॉस्टरशर मिळून जो पश्चिम इंग्लंडचा प्रदेश केलाय, त्याचा मेट्रो मेयर. वाहतूक, प्रौढांचं कौशल्य प्रशिक्षण अशी खाती त्याच्याकडे. थंडीत पाऊण तास बसची वाट बघत आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तो बहुतेक वेळा चुकीचा मेयर असतो, हे मला बसस्टॉपवरच्या एका बाईंनी सांगितलं.

थेट मेयरची सोय २००० च्या कायद्यानं झाली. मे २०१२ मध्ये सरकारनं १० मोठ्या शहरांना सार्वमतातून विचारलं, तुम्हाला असा मेयर हवा का? नऊ शहरांनी नको म्हटलं. हो म्हणणारं एकटं ब्रिस्टल, आणि तेही जेमतेम पाव मतदार घराबाहेर पडले असताना. पहिला मेयर झाला जॉर्ज फर्ग्युसन, अपक्ष, पेशानं वास्तुविशारद. कायम लाल पँटमध्ये. महानगरपालिकेच्या इमारतीचं 'काउन्सिल हाउस' हे नाव बदलून त्यानं 'सिटी हॉल' केलं. अर्धवर्तुळाकार विटांची ती इमारत कॅथीड्रलसमोर आहे, छपरावर दोन सोनेरी शिंगवाले घोडे. त्यानं गल्लोगल्ली रहिवाशांच्या पार्किंगचे परवाने आणले, तेव्हा चिडलेल्या लोकांनी निषेधाला चक्क रणगाडा रस्त्यावर आणला होता. नगरसेवकांमध्ये स्वतःचा एकही पक्ष नसलेला माणूस हे रेटू शकला, यातच पदाचा जोर कळतो.

हा जोर येतो कुठून? मंत्रिमंडळ मेयरच निवडतो, नगरसेवकांपैकी दोन ते नऊ जण. त्यांना काढतोही तोच. वाटलं तर सगळे निर्णय स्वतःकडे ठेवू शकतो. त्यानं मांडलेलं अंदाजपत्रक बदलायचं तर सभागृहाला दोन-तृतीयांश मतं लागतात. अविश्वास ठराव हा प्रकारच नाही. आपल्याकडे महापौराच्या हाती सभागृह आणि आयुक्तांच्या हाती तिजोरीची किल्ली. इथं तेव्हा किल्ली मेयरच्या खिशात होती.

शेजारच्या आजोबांना हे अरीनावरून समजलं, आणि त्यांच्यामुळे मला. टेंपल मीड्स या मुख्य रेल्वे स्थानकाशेजारी मोठी अरीना, म्हणजे कार्यक्रमांचं भव्य बंदिस्त प्रेक्षागृह, व्हावी हे शहराचं जुनं स्वप्न. रेल्वेतून उतरायचं आणि चालत कार्यक्रमाला जायचं. २०१६ ला फर्ग्युसनला हरवून आलेले मजूर पक्षाचे मार्विन रीज यांना ते महागात पडणारं वाटलं. त्याऐवजी शहराच्या उत्तर टोकाला फिल्टनला, जिथं कॉनकॉर्ड विमान बांधलं गेलं त्या हँगरांत, एक खाजगी कंपनी अरीना करायला तयार होती. सप्टेंबर २०१८ मध्ये पूर्ण सभागृह बसलं, तासन्तास चर्चा झाली आणि स्थानकाजवळच्या जागेच्या बाजूनं ठराव मंजूर झाला. आजोबा खूश. दुसऱ्या दिवशी मेयरच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि ती योजना रद्द. ठराव सल्लावजा होता. निर्णय मेयरचा.

"सत्तर माणसं आम्ही निवडली," आजोबा कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "आणि त्यांचं मत म्हणजे वाढदिवसाचं कार्ड!"

मला त्यांचं पटलं. पण दुसरी बाजू म्हणजे, अरीना कुणी रद्द केली हे टॅक्सीवाल्यापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फाइल कुठल्या समितीत अडकली, कुणाच्या सहीसाठी थांबली, अशी पळवाट नव्हती. आणि शहराला एक तोंड होतं. जून २०२० मध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा जमावानं पाडून बंदरात ढकलला तेव्हा जगभरचे कॅमेरे इथं वळले. बोलायला उभे राहिले रीज, जमेकन वडिलांचा ब्रिस्टलमध्येच वाढलेला मुलगा. मोडतोडीचं समर्थन नाही, पण तो पुतळा म्हणजे आपला अपमानच होता, असं त्यांनी सांगितलं. सत्तर जणांच्या समितीला हे इतक्या चटकन आणि इतक्या खरेपणानं बोलता आलं असतं का, मला शंका आहे.

मग हिशेब कुणी घ्यायचा? नगरसेवकांच्या छाननी समित्या निर्णय फेरविचाराला परत पाठवू शकत, बदलू शकत नसत. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये २०१५ साली निवडणूक न्यायालयानं मेयर लुत्फुर रहमान यांची निवड गैरप्रकारांमुळे रद्द केली आणि त्यांना पाच वर्षं निवडणूकबंदी घातली. ती संपल्यावर २०२२ मध्ये लोकांनी त्यांनाच परत निवडलं! म्हणजे गैरप्रकार झाला तर न्यायालय आहे. निर्णय नुसता आवडला नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत गप्प बसायचं. आणि ब्रिस्टलची ती निवडणूकही कोविडमुळे एक वर्ष लांबली. मे २०२१ मध्ये झाली, तेव्हा अरीनावरून चिडलेल्या याच शहरानं रीजना पुन्हा निवडून दिलं.

मग वर्षभरात, ५ मे २०२२ ला, त्याच शहरानं मेयरपदच मोडीत काढलं. सार्वमताच्या मतपत्रिकेवर माणसाचं नाव नव्हतं. मेयर ठेवायचा की समित्यांचा कारभार आणायचा, एवढाच प्रश्न. ५९ टक्के समित्यांच्या बाजूनं पडले. त्यातली एक फुली माझी. आजोबांना घेऊन गेले होते, त्यांना पेन्सिलीवर भरवसा नाही म्हणून ते खिशात स्वतःचं पेन आणतात.

मे २०२४ पासून मेयर नाही. आठ धोरण समित्या आहेत, प्रत्येकीत वेगवेगळ्या पक्षांचे नगरसेवक, आणि सत्तर जागांपैकी ३४ जिंकून ग्रीन पक्ष सर्वांत मोठा. माझी गत मात्र गमतीची झाली. समित्यांसाठी फुली मारून आले, आणि आता त्या आठांपैकी दोन अध्यक्षांचीही नावं सांगता येत नाहीत. मेट्रो मेयर अजून आहेच. पण संसदेनं मधल्या काळात नियम बदलला आणि दुसऱ्या पसंतीचा रकाना मतपत्रिकेवरून गेला. २०२५ ला त्या पदावर हेलन गॉडविन निवडून आल्या, एकूण मतांपैकी साधारण २५ टक्के मतांवर. दर चौघांतल्या तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. थेट लोकांनी निवडलेला मेयर म्हणताना 'लोक' किती, हेही मोजायला हवं.

परवा आजोबा लॅपटॉप घेऊन आले. समितीची बैठक घरबसल्या बघता येते, ती कशी लावायची ते दाखव म्हणाले. लावून दिली. अडीच तास आम्ही दोघं बसलो. त्यांच्या गल्लीचा विषय कार्यक्रमपत्रिकेत सातवा होता आणि पाचव्यावरच चर्चा रंगली. आठेक जणांनी आळीपाळीनं हरकती घेतल्या, आजोबांनी प्रत्येकाचा पक्ष माझ्याकडून वहीत लिहून घेतला. सातवा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

"आता पत्र कुणाला लिहू?" त्यांनी विचारलं. वहीत नऊ नावं होती.