शिंडिग : वहीतली नवी नोंद

मंडळी, शब्दांची मुळं टिपायच्या माझ्या वहीत सध्या 'शिंडिग' चालू आहे. इंग्रजीत नाचगाणं, आरडाओरडा, पाहुण्यांची ही गर्दी असली दणदणीत पार्टी असली की तिला शिंडिग म्हणतात, अमेरिकेत जास्त. शांतपणे चार जण जेवले तर त्याला कोणी शिंडिग म्हणत नाही, हे आधीच लिहून ठेवा, कारण मूळ शोधताना हा दंगाच कामाला येतो.

पार्टी या अर्थाने शब्द सापडतो १८७१ पासून. आता लोक सांगतात ती गोष्ट अशी की शिन म्हणजे नडगी, डिग म्हणजे टोचणं, गर्दीत नाचताना एकमेकांच्या नडग्या सडकून निघायच्या म्हणून शिंडिग. अशी गोष्ट दिसली की ती मागाहून रचलेली असणार म्हणून आपण शब्दवेडे लोक लगेच काट मारतो, पण इथे जरा दमानं घ्या, कारण बार्टलेटच्या अमेरिकी शब्दांच्या कोशात, १८५९ च्या आवृत्तीत, शिंडिग खरंच आहे आणि अर्थ दिलाय नडगीवरचा फटका! दक्षिणेकडच्या राज्यांतला शब्द. म्हणजे नडगी कोणी मागाहून चिकटवलेली नाही, ती पार्टीच्या आधीपासून तिथे होती.

तरी पार्टीचा धागा वेगळीकडे जातो, 'शिंडी'कडे. फ्रान्सिस ग्रोसचा रस्त्यावरच्या इंग्रजी बोलीचा जो कोश आहे (ग्रोस गेल्यावर निघालेली १८११ ची आवृत्ती) त्यात नोंद एवढीच : शिंडी, नाच, दर्यावर्दींचा शब्द. बास. मला ही नोंद जाम आवडली, एका ओळीत जहाजाचा डेक दिसतो. पुढे शिंडीचा अर्थ मौजमजा, मग राडा, भांडण असा सरकत गेला. हे आपल्याला नवीन नाही, देवीपुढे संबळ वाजतो दिवटी पेटते तोही गोंधळ, आणि वर्गात पोरं ओरडतात तोही गोंधळच.

शिंडीच्याही मागे बहुतेक 'शिंटी' आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला हॉकीसारखा खेळ, दोन्हीकडे बारा-बारा जण, हातात वाकडी काठी जिला कामान म्हणतात, चेंडू हवेतही मारायचा, त्यामुळे काठी कुठे बसेल सांगता येत नाही. १८९३ पासून त्यांची स्वतःची संघटनासुद्धा आहे. या खेळालाही कधीकधी शिंडी म्हणत, म्हणून मला हे नातं पटतं.

तर वहीत मी असं मांडलंय : मूळ शिंडी, आणि शेवटचा 'ग' आला तो कानात आधीच बसलेल्या नडगीच्या फटक्यामुळे. लोकांच्या गोष्टीने शब्द जन्माला घातला नाही पण त्याला घडवला नक्की, आणि असल्या गोष्टींसाठी मी वहीत आता वेगळा रकाना आखलाय, नुसतं 'खोटं' लिहून सोडून देणं बंद.

पुढचा नंबर हूटनॅनीचा. आधी अर्थ होता 'ते हे काय म्हणतात ते', नाव न आठवणारी वस्तू, आणि १९४० च्या दशकात पीट सीगर आणि वुडी गथ्री हे अमेरिकी लोकगायक गाण्याच्या मैफलींना तेच म्हणायला लागले. कोणाकडे जुने अमेरिकी बोलीकोश स्कॅन केलेले असतील तर पाठवा रे.