तेवढं एक काम कर

आमच्या घरात मोठं काम कधी कुणाला सांगितलंच गेलं नाही. सगळी कामं 'तेवढी' असायची. "जाता जाता तेवढं दळण टाकून ये." "बसायच्या आधी तेवढी घागर आत घे." आजीच्या तोंडून 'तेवढं' आलं की ओळखावं, दुपार गेली. गिरणीत लाईट नसायची, लाईट आली की नंबर नसायचा, आणि नंबर लागेपर्यंत कुणीतरी तिथंच आणखी एक 'तेवढं' काम सांगून जायचं.

म्हणून जॅकी चॅनचा 'फर्स्ट स्ट्राइक' मला आमच्या घरातलाच वाटतो. १९९६ चा सिनेमा. त्याच्या मूळ चिनी नावात शेवटी 'साधंसं काम' अशा अर्थाचे शब्द आहेत, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मी एकटाच हसत बसलो. हाँगकाँगचा एक पोलीस. त्याला सांगितलेलं काम इतकंच, की विमानातल्या एका बाईवर लक्ष ठेव. ती युक्रेनला उतरली की तू मोकळा. बाई उतरते आणि हा काही मोकळा होत नाही. अणुबॉम्बची चोरी, सीआयए, रशियन गुप्तहेर, बर्फात पाठलाग, हेलिकॉप्टरला लटकणं, तिथून गोठलेल्या तळ्यात उडी. मग थेट ऑस्ट्रेलिया. तिथं उंच काठ्या पायाला बांधून मारामारी आणि पाण्याखाली शार्क. दळण टाकायला गेलेल्या माणसाचं होतं तेच, फक्त खर्च जास्त.

आम्ही हा सिनेमा सेलूत, केबलवर, हिंदीत पाहिला. केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं, त्यावर तो दुपारी त्याच्या मर्जीचा सिनेमा लावायचा. लोडशेडिंगचे दिवस. त्यामुळे अख्खा सिनेमा असा कधी बघायलाच मिळाला नाही. एकदा बर्फ पाहिला, एकदा शार्क. शिडीची मारामारी तेवढी तीनदा पाहिली, दरवेळी आमची लाईट नेमकी तेव्हाच असायची. बॉम्ब कुणी चोरला, हे मला पुढं वीस वर्षांनी मोबाईलवर कळलं. मधल्या काळात त्यावाचून काही अडलंही नाही.

हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. वेष असा पालटायचा की सख्ख्या माणसानं ओळखू नये. हा गडी मात्र जिथं जाईल तिथं सगळ्यांच्या नजरेत. ते एका अर्थी मला पटायचं, कारण आमच्या गल्लीत हेरगिरी शक्यच नव्हती. घरातून निघून कोपऱ्यावरच्या दुकानात जाईपर्यंत तीन ओटे लागायचे आणि तिन्ही ओट्यांवरून एकच सवाल यायचा, "कुठं चाल्लास रे?" खोटं सांगितलं तर पुढच्या ओट्यावर ते आधीच पोचलेलं असायचं. आमच्या मोहिमा निघण्याआधीच फुटलेल्या असत.

आता शिडीकडे येतो. सिनेमात ती घडीची, ॲल्युमिनियमची. बरेच जण हातात काठ्या घेऊन अंगावर येतात आणि याच्या हाताशी जे लागेल ते हा उचलतो. झाडू, टेबल आणि मग ती शिडी. तो तिच्या दोन पायऱ्यांमधून डोकं घालतो, खांद्यावरून फिरवतो, पलीकडून बाहेर येतो. समोरच्याची काठी पायऱ्यांत अडकते. तो शिडीचे पाय मिटतो, पुन्हा फाकवतो, आणि दर दोन ठोशांमागे एखादा फटका त्यालाच लागतो. मग तो हात झटकतो, तोंड वाकडं करतो. मला सगळ्यात आवडायचं ते हेच. आपल्या हिंदी हिरोला तेव्हा काही लागत नसे. ओठाच्या कोपऱ्यात रक्ताचा एक थेंब, तोही शेवटच्या रिळात. याला दुखायचं. दुखणारा माणूस मारामारी जिंकतो म्हणजे आपल्यालाही जमेल, असा माझा सरळ हिशोब होता.

आमची शिडी म्हणजे निसण. शहरात आल्यावर मी तिला शिडी म्हणायला शिकलो. दोन वेळू, नऊ पायऱ्या. तिसरी पायरी कधीतरी निखळली होती, ती सुतळीनं बांधलेली. ती आमची होती पण क्वचित आमच्याकडे असायची. चुना मारायला, मांडव घालायला, अँटेना फिरवायला सगळी गल्ली ती न्यायची आणि आजी मोजून विचारायची, "परत कधी आणता?" उन्हाळ्यात मात्र ती माळवदाला टेकलेलीच. वर गव्हाच्या चिकाच्या कुरडया जुन्या लुगड्यावर वाळत पडलेल्या, चार कोपऱ्यांना चार विटा.

मी अकरा वर्षांचा. मे महिना, दुपारी चारची वेळ, पश्चिमेकडून वळवाचं आभाळ चढत आलेलं. आजी म्हणाली, "बाळा, तेवढ्या कुरडया खाली घे."

आता वर चढून लुगडं गोळा करायला किती वेळ लागतो? पण अंगणात कुणी नव्हतं आणि निसण समोर उभी होती. मी ती भिंतीवरून काढून आडवी धरली, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये डोकं घातलं आणि गर्रकन फिरलो. फिरणं जमलं. डोकं बाहेर काढणं जमेना. कानापर्यंत यायचं आणि अडायचं. बारा फुटांची निसण गळ्यात, एक टोक तुळशीवृंदावनाला लागतंय, दुसरं मोरीच्या भिंतीला. घरात जावं तर दारातून मावत नाही. शेवटी अंगणाच्या मोठ्या दारातून तिरका होऊन रस्त्यावर आलो, कुणीतरी मोठं माणूस दिसेल म्हणून. पहिल्याच ओट्यावरून आवाज आला, "कुठं चाल्लास रे?"

निसण गळ्यात असलेल्या पोराला हे विचारतात! मी म्हणालो, "कुठं नाही."

शेवटी सुतळी कामाला आली. आजीनं विळी आणली, तिसरी पायरी सोडवली, मी सुटलो. तोवर टपोरे थेंब सुरू झाले होते. निसणीची पायरी सुटलेली, त्यामुळे वर चढायला कुणी धजेना. कुरडयांचा पुन्हा चीक झाला. आजी मला रागावली नाही. ती पुढचे आठ दिवस येईल त्याला हा किस्सा सांगत राहिली, ते त्याहून वाईट.

जॅकी चॅनबद्दल पुढं वाचलं तेव्हा एक गोष्ट मनात बसली. लहानपणी हाँगकाँगच्या चिनी ऑपेराच्या शाळेत तो दहा वर्षं कोलांट्या मारत वाढला. 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली आला. पण त्याचं डोकं फुटलं ते ऐंशीच्या दशकात, युगोस्लाव्हियात, एका झाडापायी. भिंतीवरून फांदीवर साधी उडी. पहिल्यांदा नीट जमली होती, मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा मारली आणि फांदी मोडली. मनोरा नाही, हेलिकॉप्टर नाही. तेवढी एक फांदी.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन 'फर्स्ट स्ट्राइक' पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये, लाईट न जाता. सिनेमा संपला, नावं वर सरकू लागली आणि बाजूला चुकलेले प्रसंग दिसायला लागले. जॅकी चॅनच्या सिनेमांची ही रीतच आहे. मार भलत्याच जागी बसतो, तो कळवळतो, माणसं धावत येतात, आणि मग पुन्हा तेच. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आमचा केबलवाला नावं सुरू झाली की टेप काढून घ्यायचा. म्हणजे आम्ही सेलूची पोरं असं धरून चाललो होतो, की शिडीचं ते सगळं त्याला एका दमात जमलं.

लेक हसत होती. हसता हसता तिची नजर पडद्यावरून गॅलरीकडे गेली. तिथं बल्ब बदलायला आणलेली घडीची शिडी उभी होती, ॲल्युमिनियमची, पाय फाकवून.

मी उठलो, शिडी मिटवली आणि पलंगाखाली सरकवली.