हबमध्ये अडकलेली रिंग

पावसाळा सरला की पुढच्या चाकाची बेरिंग गेलेल्या गाड्या आमच्याकडे येऊ लागतात. मारेगावहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. आजूबाजूच्या खेड्यांतल्या गाड्या चार महिने काळ्या मातीच्या चिखलातून आणि नाल्याच्या पाण्यातून फिरतात. सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस पांढरं पडतं, बेरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या रिंगांमधले छर्रे गंजतात.

त्या दिवशी कापसाची वेचणी चालू होती. एक काकाजी शंभर सीसीची गाडी ढकलत घेऊन आले. पुढचं चाक हातात धरून हलवलं तर खडखड हलत होतं. काकाजींची सून वणीला दवाखान्यात बाळंत झालेली.

"संध्याकाळी डबा न्याचा हाय, भाऊ. होईन का नाही, सरळ सांगजा," ते म्हणाले.

एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, काढला, ब्रेक प्लेट बाजूला केली आणि आत टॉर्च मारली. दोन बेरिंगच्या मध्ये जी नळी असते, स्पेसर, ती नव्हतीच. आधी कुणीतरी हे चाक उघडलं होतं आणि नळी न टाकताच बंद केलं होतं. राग आला. स्पेसर नसला की एक्सलचा नट आवळताना दोन्ही बेरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात. छर्ऱ्यांवर आडवा दाब येतो आणि नवी बेरिंगसुद्धा टिकत नाही. काकाजींनी मागच्याच वर्षी नवी टाकली होती.

डाव्या बाजूची बेरिंग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापवून, लांब पंचाने (ठोकायच्या लोखंडी दांड्याने) आतून ठोकल्यावर निघाली. ठोकायचं ते एकाच जागी नाही. समोरासमोर, थोडं इकडे थोडं तिकडे, नाहीतर बेरिंग तिरपी होते आणि ॲल्युमिनियमचं घर, म्हणजे हबमधली तिची बसायची जागा, ओरबाडते.

उजवीला मात्र आतली रिंग तेवढी बाहेर आली. गंजलेले छर्रे आणि तुटलेली जाळी खाली पडली, बाहेरची रिंग हबमध्येच राहिली. 6301 नंबरची बेरिंग, बाहेरून 37 मिलीमीटर, आतून 12. रिंगच्या मागची पायरी तिच्या बरोबरीची असल्याने पंच टेकवायला कड नव्हती. शिवाय घर सैल झालं म्हणून कुणीतरी हबच्या तोंडाला गोलाकार पंचाचे ठोके मारलेले. ॲल्युमिनियम दबून रिंगच्या कडेवर चढलं होतं. आधी ते कानसीने घासून काढलं.

मग हब पुन्हा तापवला. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की थांबायचं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पण या मापाला ऐंशी अंशांनी तापवूनही दोघांत फरक पडतो तो जेमतेम 0.03 मिलीमीटरचा. चांगल्या रिंगला तेवढा पुरतो. ही गंजून धरलेली होती, हलली नाही.

उरला तो वेल्डिंगचा मार्ग. रिंगच्या आतल्या अंगाला गोल टाका मारायचा. वेल्ड थंड होताना आकसतं आणि स्टीलच्या रिंगला आत ओढतं. रिंग बारीक झाली की हब तिला सोडतो. मी टायर आणि ड्रमवर ओलं पोतं टाकलं, आतलं ग्रीस पुसलं आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. हरभऱ्याच्या मोटारी चालू होत्या, व्होल्टेज पडलेलं. आर्क धरेना, रॉड नुसता चिकटायचा. अर्धवट टाका मारून हब खराब करण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं मी ठरवलं. काकाजी घड्याळ बघत होते, पण बोलले काही नाहीत. तेवढ्या वेळात नव्या बेरिंग थंडीने थोड्या आकसून सहज बसाव्यात म्हणून पॉलिथिनमध्ये गुंडाळून किराणावाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवल्या, आणि भंगारातल्या त्याच मॉडेलच्या चाकातून स्पेसर काढला. लांबी बरोबर जुळणं महत्त्वाचं, म्हणून पुन्हा पुन्हा मापून पाहिला.

व्होल्टेज वर आलं तसा वेल्डिंगवाल्याने एका दमात टाका मारला. चाक तसंच ठेवून थंड होऊ दिलं. उलटं करून फळीवर आपटलं तर रिंग टणकन बाहेर पडली. काकाजी उठून उभे राहिले, "निघाली बाप्पा!" म्हणत वेल्डिंगवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

बसवणं मी घाईत करत नाही. घर पॉलिश पेपरने साफ केलं. डावी बेरिंग तळापर्यंत, स्पेसर, मग उजवी, तिची आतली रिंग स्पेसरला टेकेपर्यंतच. ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर, त्या रिंगच्या मापाची गोटी (पान्याचं सॉकेट) ठेवून. आतल्या रिंगवर पडलेला ठोका छर्ऱ्यांच्या वाटेत खड्डे पाडतो. पंच मारलेल्या बाजूचं घर अजून धरत होतं, पण पहिल्यासारखं घट्ट नव्हतं. तिथे रिंग धरून ठेवणारं लॉकिंग लिक्विड लावलं. एक्सल आवळला, चाक फिरवलं, आवाज नाही, हलणं नाही.

डब्याची वेळ गाठली गेली. हब मात्र फार दिवस टिकणार नाही, बदलावाच लागेल, हे काकाजींना गाडी देतानाच सांगितलं. "कापूस विकला की टाकू," ते म्हणाले. मी त्या मॉडेलचा हब वणीच्या दुकानात सांगून ठेवला आहे.